परक्या छताखालचे लेकरू : विश्वस्तपणाचा एक इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत दानशूरांची नामावली येते, वास्तूच्या पायाभरणीचे छायाचित्र येते, पन्नास वर्षांच्या जमाखर्चाचा गोषवारा येतो. हे सर्व उचितच आहे. परंतु ज्या लेकरांसाठी या वास्तू उभ्या राहिल्या ती लेकरे त्या छताखाली कशी राहिली, त्यांच्यावर कोणाची नजर होती, आणि ज्याची नजर होती त्याच्यावर कोणाची होती, हा इतिहास सहसा लिहिला जात नाही. पाठशाळा, संस्कार शिबिर, वसतिगृह, शिवणवर्ग, संगणकवर्ग अशा कोणत्याही रूपाने दुसऱ्याचे मूल आपल्या दारात घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला या इतिहासाशी कर्तव्य आहे.

खानदेशातील जैन समाजाला परक्या छताचा अनुभव नवा नाही. मारवाडातून तापीकाठी आलेल्या अनेक घराण्यांचा मूळपुरुष हा मिसरूडही न फुटलेला मुलगा होता. ओळखीच्या पेढीवर तो राहावयाचा, गादी झाडावयाचा, कापडाचे तागे उलगडून पुन्हा घडी घालावयाचा, रात्री दिव्यापाशी बसून नामे आणि जमा शिकावयाचा. शेठ हाच त्याचा मालक, शिक्षक आणि पालक. शेठाणी मायाळू असली तर पोराचे दैव उजळले. नसली तर त्याने तक्रार सांगावी कोणाला? आईबाप शेकडो कोस दूर. या व्यवस्थेने कर्तबगार माणसे घडविली हे खरे. ज्यांना तिने मोडले त्यांची नोंद मात्र कोणत्याही खतावणीत नाही.

शिकाऊ मुलाच्या या एकाकीपणाची दखल कायद्याने प्रथम घेतली ती १८५० साली. त्या वर्षीच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वये अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकण्यासाठी करारावर उस्तादाच्या हवाली करता येऊ लागले. उस्तादाने मुलाला छळल्यास दंडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय त्यात होती. दहा वर्षांचे पोर कचेरीची पायरी चढून दाद मागेल ही अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल. तरीही शिकविणाऱ्याचाही जाब विचारता येतो, हे तत्त्व तेथे कागदावर आले. पुढे १८६३ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती योजना होती. तेथे जन्मलेला यशवंत या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. आश्रयास येणाऱ्याची लाज राखणे हाही संरक्षणाचाच भाग आहे, हे त्या दांपत्याने ओळखले होते. आजचे कायदे पीडिताचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई करतात, ते याच जाणिवेतून. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास मात्र १९२४ साल उजाडले.

याच सुमारास जैन समाजात छात्रालयांचे युग अवतरले. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिराचंद गुमानजी बोर्डिंग स्थापिले. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी म. सा. यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये महावीर जैन विद्यालय सुरू झाले. चांदवडला १९२८ मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम निघाला, तर कुंभोजजवळ बाहुबली येथे १९३४ मध्ये गुरुकुल उभे राहिले. या संस्थांनी दिलेल्या शिक्षणाचे ऋण समाज विसरणार नाही.

कुंभोजचेच सुपुत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कर्मवीरांचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्या वसतिगृहाची खरी राखण करणाऱ्या सौ. लक्ष्मीबाईंचे कमी घेतले जाते. सोवळ्याच्या जैन संस्कारात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले आपल्या चुलीपाशी बसविली आणि दाणागोटा संपला तेव्हा अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवले नाही. कोणते मूल आज जेवले नाही, कोणते गप्प आहे, हे वाढणाऱ्या हाताला आधी कळते. संस्थांच्या घटनेत अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार अशी पदे असतात. वाढणाऱ्या हाताला मात्र पद नसते, आणि बहुधा सभेत मतही नसते.

याहून जवळचे उदाहरण चोपड्यापासून तासाभराच्या अंतरावर, अंमळनेरला घडले. पांडुरंग सदाशिव साने हे तरुण एम. ए. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तेथील तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या काळी छात्रालयाचा अधीक्षक म्हणजे छडी, शिटी आणि दंडाची वही. साने सरांनी यातले काही वापरले नाही. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते न बोलता झाडून काढीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुले शरमून स्वतःच झाडू हाती घेत. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र काढीत. पगारातला मोठा वाटा गरीब मुलांच्या फीपायी जाई. शिवाय ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत आणि मुले ते वाचीत. एका वसतिगृहाच्या आतल्या आयुष्याविषयी रोज काही लिहिले जावे आणि ते मुलांसमोर उघडे असावे, ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाही. जेथे रोजचे रोज उघड्यावर मांडले जाते, तेथे अंधार साचण्यास जागा कमी राहते.

१९३० साली सरांनी नोकरीचा राजीनामा देऊन सत्याग्रहात उडी घेतली. पुढे त्यांना साने गुरुजी म्हणून उभ्या महाराष्ट्राने ओळखले. परंतु छात्रालयाच्या दृष्टीने विचार केला तर एक कठोर प्रश्न उरतो. अधीक्षक साने गुरुजी असेल तोवर मुले सुरक्षित. तो गेल्यावर काय? दर छात्रालयाला साने गुरुजी मिळत नाही. मिळाला तरी तो सहा वर्षांत निघून जाऊ शकतो. भल्या माणसाच्या भरवशावर चाललेली व्यवस्था म्हणजे चोख मुनिमाच्या भरवशावर चाललेली पेढी होय. मुनीम चोख असतो तोवर ताळेबंद जुळतो. म्हणून शहाणा व्यापारी मुनिमावर विश्वास ठेवतो, तरीही रोकड स्वतः मोजतो, आणि चोख मुनिमाला त्यात अपमान वाटत नाही.

नेमकी हीच शिस्त आपल्या कायद्याने संस्थांच्या पैशाला लावली, मुलांना लावण्यास फार उशीर केला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे बंधनकारक झाले. पाच रुपयांची पावती हरवली तरी हिशेबतपासनीस शेरा मारतो. त्याच न्यासाच्या वसतिगृहातील एखादे मूल महिनाभर रात्री झोपत नसेल तर त्याचा शेरा मारणारा कोणी नव्हता. अनाथालये व धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा कायदा १९६० साली आला, पण तपासणी म्हणजे इमारत, पटसंख्या आणि दप्तर पाहणे असाच त्याचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. मुलांशी एकांतात बोलावे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी निवासी संकुल उभे राहिले. आपत्तीनंतर मुले विखुरतात, कोणाच्याही हाती लागतात. त्यांना एकत्र ठेवून शिकविण्याची ही जबाबदारी केवढी मोठी होती याची कल्पना समाजातील प्रत्येकाला आहे.

परंतु त्यापाठोपाठचे १९९४ हे साल महाराष्ट्राला, आणि विशेषतः आपल्या जिल्ह्याला, मान खाली घालावयास लावणारे ठरले. फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आल्याचे उघड झाले. मासिक पाळीची स्वच्छता या मुलींना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. सांभाळणाऱ्यांची अडचण दूर करण्यासाठी सांभाळल्या जाणाऱ्यांच्या देहावर शस्त्र चालले, आणि त्यांना विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठविल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या. वयाने प्रौढ असूनही स्वतःचे रक्षण करू न शकणाऱ्या व्यक्तींचा प्रश्न तेव्हा प्रथमच चव्हाट्यावर आला.

त्याच वर्षी जळगावातील प्रकरण बाहेर पडले. तरुण मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक घालून वर्षानुवर्षे त्यांचे शोषण चालले होते. त्याचा तपशील येथे नको. जिल्ह्यातील जुन्या पिढीला तो ठाऊक आहे. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. हे इतकी वर्षे दडले कसे? घराची अब्रू जाईल, बहिणीचे लग्न मोडेल, या भीतीने. पुढे न्यायालयातही अनेकजणी साक्षीस आल्या नाहीत आणि बरेच आरोपी सुटले. गुन्हेगाराचा सर्वांत मोठा आश्रयदाता आपणच, म्हणजे आपली लोकलज्जा, होती. अब्रू मुलीची जाते आणि गुन्हेगाराची जात नाही, हा हिशेब कोणत्या बाराखडीने मांडला?

पुढील धक्का २०१० व २०११ चा. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाने डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अशा गृहांची पाहणी सुरू झाली. त्या ओघात पनवेलजवळच्या एका खासगी गृहातील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. ही गृहे नोंदणीकृत होती. दप्तर होते, फलक होता, कार्यकारिणी होती. ज्या मुलींना धड बोलता येत नाही असे सांगितले जात होते, त्यांच्याशी कोणी धीराने संवाद साधला तेव्हा त्यांनी सांगितले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या.

मध्यंतरी केंद्र शासनाच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने १३ राज्यांत पाहणी करून २००७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले होते आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या परिचयाचे, त्यांचा विश्वास संपादन केलेले होते. मुलगे यातून सुटलेले नाहीत, हेही त्या अहवालाने दाखविले. 'आमच्याकडे फक्त मुलांचे वसतिगृह आहे, तेव्हा चिंता नाही' असे म्हणणाऱ्या विश्वस्तांनी हे ध्यानी घ्यावे.

अखेर १४ नोव्हेंबर २०१२ पासून बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे 'पॉक्सो', अमलात आला. विश्वस्तांच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या. शैक्षणिक वा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने तेथील बालकावर केलेला अत्याचार हा अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळविणे ऐच्छिक नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास त्यालाच एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 'आधी आपसांत बैठक घेऊ, चौकशी करू, संस्थेचे नाव जपू' ही आपल्या पंचपद्धतीची सवय व्यापारी तंट्यात उपकारक असेल. येथे ती गुन्हा ठरते. प्रौढ दिव्यांगांसाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा छळ व शोषणापासून संरक्षणाची तरतूद करतो. शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आधीच बंदी घातली होती.

विलायतेचाही एक दाखला येथे उपयोगी पडेल. २००२ साली इंग्लंडमधील सोहॅम गावात दोन दहा वर्षांच्या मुलींची हत्या झाली. हत्यारा एका शाळेचा रखवालदार होता. त्याच्यावर पूर्वी दुसऱ्या भागात तक्रारी झाल्या होत्या. त्या नव्या ठिकाणी पोहोचल्याच नाहीत. चौकशी आयोगाने हा दोष दाखविल्यावर २००६ मध्ये तेथे बालके आणि दुर्बल प्रौढ या दोघांच्या रक्षणासाठी एकत्रित कायदा झाला. मुलांजवळ काम करू पाहणाऱ्या माणसाचा पूर्ववृत्तांत तपासल्यावाचून त्याला घ्यावयाचे नाही, हे त्याचे सार. आपल्याकडे पाहुण्याच्या पाहुण्याने शब्द टाकला की आचारी, चौकीदार, वाहनचालक रुजू होतो. दुकानात नोकर ठेवताना जो व्यापारी चार ठिकाणी विचारतो, तोच विश्वस्त म्हणून बसला की एका चिठ्ठीवर अधीक्षक नेमतो!

आपल्याकडे तशी तरतूद २०२० च्या पॉक्सो नियमांनी केली. मुले राहतात वा नियमित येतात अशा प्रत्येक संस्थेने, त्यात शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी सर्व आले, आपल्या प्रत्येक सेवकाची ठरावीक कालाने पोलीस पडताळणी करावयाची आहे. मग तो शिकविणारा असो वा न शिकविणारा, कायम असो वा कंत्राटी.

नियम झाले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण २०१६ च्या अखेरीस उघड झाले ते दिवाळीच्या सुट्टीनंतर, मुली घरी गेल्या तेव्हा. शाळेच्या आवारात त्यांना सांगावेसे वाटेल असे माणूस नव्हते. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि जवळजवळ तितक्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीतील पावरा, बारेला, भिल्ल घरांतील मुले अशाच शाळांत वाढतात. त्यांचा कारभार यावलच्या आदिवासी विकास प्रकल्पाकडून पाहिला जातो. चोपड्याच्या बाजारपेठेत याच मुलांचे आईबाप खरेदीस येतात. सणावारी गणवेश, वह्या वाटण्याची आपल्या समाजाची परंपरा चांगली आहे. वाटप झाल्यावर मुलांपाशी पाच मिनिटे बसण्याची परंपरा अद्याप पडावयाची आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. तक्रार घेण्यात झालेल्या दिरंगाईमुळे २० ऑगस्ट रोजी नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. उच्च न्यायालयाने पुन्हा स्वतःहून दखल घेतली आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. शासनाने शाळांतून सीसीटीव्हीची सक्ती केली. वस्तुतः शाळाशाळांतून 'सखी-सावित्री' समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ सालीच निघाला होता. अनेक ठिकाणी त्या समित्या फलकावरच राहिल्या.

'समिती' या शब्दावरून एक गोष्ट सुचते. आज समिती म्हणजे सह्या करणारी पाच-सात माणसे. जैन आगमांत मात्र समिती म्हणजे सावधपणे केलेली कृती. चालताना, बोलताना, आहार घेताना, वस्तू उचलता-ठेवताना, उत्सर्ग करताना अशा पाच समित्या साधूंना सांगितल्या आहेत. श्रावकाच्या घरी तीच 'जयणा' होते. आपण पाणी गाळून घेतो, चुलीतले सरपण झटकून घेतो, धान्य निवडून घेतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचीही हिंसा होऊ नये म्हणून जो समाज एवढा जागा राहतो, त्याने डोळ्यांसमोर वावरणाऱ्या लेकराविषयी जागे राहण्यास नवे तत्त्वज्ञान शिकण्याची गरज नाही.

ही जयणा संस्थेत उतरते ती अगदी साध्या गोष्टींतून. शिबिराच्या मुक्कामात कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहू नये. दोन मोठी माणसे असावीत किंवा दार उघडे असावे. मुलींच्या मुक्कामात जबाबदार स्त्री कार्यकर्ती रात्रभर हजर असावी. कोणी, केव्हा, कोणत्या मुलाला बाहेर नेले याची वही असावी. तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकाकडे नसावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्याच हाती किल्ली देणे म्हणजे रोकडवही लिहिणाऱ्यालाच तिजोरी सोपविणे. मुलाने काही सांगितले तर त्याला दहा जणांसमोर दहा वेळा वदवून घेऊ नये. एकदा शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे, त्याच दिवशी पोलिसांना कळवावे आणि संशयिताला मुलांपासून दूर करावे. मतिमंद, मूकबधिर वा वयोवृद्ध व्यक्तींच्या बाबतीत त्यांची खूण ओळखणारा माणूस जवळ असावा. यातल्या बहुतेक गोष्टींना देणगीची गरज लागत नाही. थोडा संकोच सोडावा लागतो, आणि आपल्यात तोच महाग आहे. शिक्षक, महाराजांचे भक्त, जुने कार्यकर्ते यांना 'तुमचीही पडताळणी होईल' असे सांगणे जिवावर येते. परंतु विश्वस्त या नात्याने अध्यक्षांनी प्रथम स्वतःचीच पडताळणी करून घेतली, तर पुढच्या कोणाला बोलण्यास जागा उरत नाही.

मुलांना थेट मदत मागता यावी म्हणून १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. २०२३ पासून तो शासकीय यंत्रणेमार्फत चालविला जातो. दिवसरात्र, पैसे न पडता, कोणतेही मूल तो फिरवू शकते. या क्रमांकाची पाटी पुष्कळ संस्थांत लागलेली दिसते, पण ती कार्यालयात, अध्यक्षांच्या खुर्चीमागे, मोठ्यांच्या उंचीवर. ती पाण्याच्या माठापाशी, सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर लावावयाची असते.